तळटीप : सान मार्कोसचा किल्ला

३. लेखकाने इथे नुसतेच ‘दगडी किल्ला’ म्हटले आहे, पण हा दगड साधा नव्हे. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन शहराचा हा स्पॅनिश किल्ला १६७२ ते १६९५ या काळात ‘कोकीना’ दगडात बांधला गेला. समोरच्या अनास्तासिया बेटावर निघणारा हा दगड म्हणजे शिंपल्यांच्या चुऱ्याचा घट्ट झालेला थर. भिंतीजवळ गेले की शिंपल्यांच्या कडा आजही सुट्या ओळखू येतात. दगड सच्छिद्र, त्यामुळे तोफगोळा आदळला तरी भिंत फुटत नसे, गोळाच आत रुतून बसे. १७०२ मध्ये इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा गाव जळाले; किल्ल्याच्या आसऱ्याला आलेली सुमारे दीड हजार माणसे मात्र वाचली. तिथे जाणाऱ्या वाचकांनी तटावर बसू-चढू नये. हा दगड हातापायांच्या घर्षणानेही झिजतो. – संपादक