मेहरौलीची अमराई आणि झज्जरचा घेर

आषाढाच्या पहिल्या सरी कोसळून लाल किल्ल्यातील उकाडा किंचित निवला, म्हणजे मोगल बादशहाची सवारी दक्षिणेकडील मेहरौलीच्या वाटेला लागे. आणि अमराईतील झोके, झरन्याचे पाणी व हौज-ए-शम्सीचा काठ यांच्या सान्निध्यात दरबारातील मंडळी पावसाळ्याचे दिवस घालवीत. दुसऱ्या अकबरशहाचा पुत्र मिर्झा जहांगीर याने रेसिडेंट सीटन याच्यावर गोळी झाडल्यावरून त्यास अलाहाबादेस पाठविण्यात आले, तेव्हा तो सुखरूप परतावा म्हणून त्याच्या मातेने नवस केला. ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर आणि योगमायेच्या मंदिरात फुलांचा पंखा अर्पण करून तो फेडला गेला, आणि त्यातून ‘फूलवालों की सैर’ हा उत्सव उभा राहिला. 1942 साली इंग्रजांनी तो बंद पाडला; स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या उत्तेजनाने तो पुन्हा सुरू झाला.

मराठी वाचकाने येथे एक तारीख ध्यानी ठेवावी. 11 सप्टेंबर 1803 रोजी पटपडगंजच्या रणांगणावर शिंद्यांच्या फौजेचा पराभव होऊन बादशहाचे पालकत्व कंपनी सरकारकडे गेले. म्हणजे या सैरीचा सारा बहर, सत्ता गमावलेल्या दरबाराने खेड्याच्या गारव्यात शोधलेला विसावा होय. पुढे थॉमस मेटकाफ या रेसिडेंटाने तेथेच कुली खानाच्या कबरीचे विश्रामगृहात रूपांतर करून त्यास ‘दिलखुशा’ असे नाव दिले. बादशहा आणि साहेब असे दोघेही खेड्यात राहावयास आले, परंतु ज्या रयतेच्या शिवारात ते उतरले, तिच्या घरचे पाहुणे मात्र ते कधीच झाले नाहीत.

खरे आतिथ्य निराळ्या जागी नांदत होते. दिल्लीभोवतीच्या हरियाणात आणि पश्चिम उत्तर प्रदेशात राहत्या घरापासून किंचित अलग असा ‘घेर’ असतो. तेथे म्हशी बांधलेल्या असतात, वैरणीची गंजी असते, कडुनिंबाखाली खाटा टाकलेल्या असतात, आणि परगावचा पाहुणा, मग तो सोयरा असो की रात्र पडली म्हणून थांबलेला वाटसरू, त्याच खाटेवर निजतो. सकाळी त्याच्या हाती ताकाचा पेला येतो, बाजरीची भाकरी आणि सरसोंची भाजी येते, आणि थोरांच्या बैठकीत हुक्का फिरत असतो. गावाच्या सीमेवर दिसणारा ‘बिटोडा’ हा तर पाहण्याजोगा प्रकार आहे: गोवऱ्यांची पद्धतशीर रास रचून, वरून शेणमातीने लिंपून, बायका त्यावर बोटांनी नक्षी उमटवितात, आणि पावसाळाभर इंधन आत कोरडे राहते. पर्यावरणस्नेही हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नाही, त्यांच्या घरी ती रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती.

स्वातंत्र्योत्तर दिल्लीने मात्र या रीतीकडे पाठ फिरविली, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. छतरपूर-मेहरौलीच्या पट्ट्यात शेतीच्या नावाखाली ‘फार्महाऊस’ उभी राहिली. उंच भिंती, हिरवळी, विवाहाचे मांडव, आणि नांगराचा मागमूसही नाही. ज्या जमिनीतून गहू निघावा तिच्यातून केवळ शोभा निघू लागली, आणि गावचा शेतकरी तेथे राखणदार झाला. हरियाणा सरकारने 1974 साली पर्यटन महामंडळ स्थापून हमरस्त्यांच्या कडेला विश्रांतिस्थाने बांधली, त्यांना पक्ष्यांची मनोहर नावे दिली. होडलचे ‘डॅबचिक’ प्रवाशांच्या परिचयाचे झाले. प्रवाशाची सोय झाली, पण यजमान सरकारच राहिले.

शेतकऱ्याने स्वतः यजमान व्हावे, हा विचार महाराष्ट्रात लवकर रुजला. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी शेती आणि पाहुणचार यांची सांगड घातली, बारामतीच्या परिसरात पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाची चळवळ उभारली, आणि 2020 साली राज्य शासनाने त्याविषयी धोरणच मंजूर केले. दिल्लीच्या भोवताली झज्जरजवळच्या प्रतापगढसारख्या ठिकाणी शहरी कुटुंबे चुलीवरचे जेवण, बैलगाडी आणि शेतातील खेळ यांसाठी जाऊ लागली. परंतु मोठ्या आवारांपेक्षा मला आशा वाटते ती चार-पाच एकरांच्या धन्याविषयी, जो आपल्या घेरातील दोन खोल्या सारवून पाहुण्यांस देतो.

त्याच्या हिशेबाचे वर्म ऋतुचक्रात आहे. खरिपाची बाजरी विकून झालेली असते, रब्बीचा गहू वैशाखाच्या सुमारास खळ्यात येईपर्यंत बाजारातून रोकड येत नाही, आणि बी-खताचे देणे मात्र उभे असते. मार्गशीर्ष-पौषात सरसोंची पिवळी फुले डोलू लागतात त्याच थंडीच्या दिवसांत दिल्लीकर बाहेर पडतात, आणि त्यांनी मोजलेले पैसे सावकाराच्या चोपडीत नाव न चढविता त्या घराचे चार महिने निभावून नेतात.