बुद्धिमत्ता चाचणी नेमकी काय मोजते?

कडेगावचं नाव निघालं की मोहरमचे गगनचुंबी ताबूत आठवतात. त्यांची बांधणी ‘आधी कळस, मग पाया’ अशी होते. कळसाच्या मापावरून खालच्या मजल्यांची मापं बसवायची, म्हणजे गुणोत्तर-प्रमाणच की! पिढ्यान्‌पिढ्या हिंदू-मुस्लिम हात हा हिशेब करत आले. तरीही पोलीस भरती किंवा एमपीएससीची तयारी करणारी आपली मुलं सहज बोलून जातात, “गणित-बुद्धिमत्ता आपलं काम नाही.” हा समज आला कुठून, हे मला इतिहासात शोधावंसं वाटतं.

नोकरीच्या परीक्षा आपल्या भागाला नव्या नाहीत. इंग्रजी अमदानीत कडेगाव सातारा जिल्ह्यात होतं. आयसीएस झालेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर साताऱ्याचे न्यायाधीश होते. १८६३ साली ते उत्तीर्ण झाले, तेव्हा परीक्षा फक्त लंडनला होई आणि लॅटिन-ग्रीकला भरपूर गुण असत. भारतात ती व्हायला १९२२ उजाडलं.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेने लाखो सैनिकांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली. वाचता येणाऱ्यांसाठी ‘अल्फा’ आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘बीटा’. अल्फात अमेरिकी खेळाडू आणि बाजारातल्या मालाबद्दलही प्रश्न होते. साहजिकच नुकतेच आलेले स्थलांतरित मागे पडले आणि जुने स्थायिक पुढे गेले. कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली त्यावरून काही वंश जन्मतःच कमी बुद्धीचे असल्याचा निष्कर्ष काढला. १९३० साली त्यानेच तो मागे घेतला. चाचणीने भाषा आणि परिचय मोजला होता, त्याला वंशाची बुद्धी समजलं गेलं.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली. परक्या भाषेतली चाचणी जशीच्या तशी चालत नाही, हे तेव्हाच उमगलं होतं.

तोच वाद पुन्हा पेटला. यूपीएससीने २०११ मध्ये सीसॅट आणला. इंग्रजी उताऱ्यांवरून २०१४ मध्ये मोठं आंदोलन झालं आणि २०१५ पासून हा पेपर केवळ ३३ टक्क्यांच्या पात्रतेचा उरला. एमपीएससीनेही पुढे तीच वाट धरली.

सच्चर समितीने २००६ साली सांगितलं की लोकसंख्येत १३.४ टक्के असलेले मुसलमान आयएएसमध्ये ३ टक्के आहेत. त्यामागे गरिबी, शाळागळती, भेदभाव अशी अनेक कारणं आहेत. पण त्या आकड्याला कुणी ‘कुवत’ म्हणू लागला, तर त्याला ब्रिगहॅमची गोष्ट सांगावी.

आमच्या घरात दखनी बोलतात. ‘गृहीतक’, ‘विसंगत’, ‘विधान-निष्कर्ष’ हे शब्द घरात कानावर पडत नाहीत, ते वाचूनच येतात. म्हणून रोज एक अग्रलेख वाचून त्यातलं विधान कोणतं, निष्कर्ष कोणता, हे वहीत लिहावं. गणिताला घड्याळ लावावं. पोलीस भरतीत १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. जुने पेपर याच वेगाने सोडवावेत आणि चुकलेली उदाहरणं दुसऱ्या दिवशी पुन्हा करावीत. मोहल्ल्यातली एक खोली संध्याकाळी अभ्यासिकेसाठी उघडी ठेवली, तर हे काम एकट्याचं राहणार नाही.