खोबणीतील ओळख

गेल्या उत्सवात आमच्या देवस्थानाच्या सभामंडपातील कीर्तन परगावच्या भक्तांस घरबसल्या ऐकता यावे, म्हणून संगणकाची योजना केली होती. बुवांसमोरील मायक्रोफोनचा प्लग संगणकात बसविला, पण तो केसभर बाहेर राहिला. संगणकाने तो आलाच नाही असे धरून आपल्या अंगच्या लहान मायक्रोफोनवरून ध्वनी घेतला आणि परगावी पूर्वरंगाऐवजी पंख्याची घरघर गेली! तेव्हापासून आम्हांस प्रश्न पडला, की खोबणीत काही आले, आणि ते हेडफोन की मायक्रोफोन, हे यंत्रास कळते तरी कसे? शोध घेऊ लागलो तो ही कथा जवळजवळ दीडशे वर्षे मागे गेली.

१८७८ साली अमेरिकेत न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज उघडले. त्या सुमारास चार्ल्स स्क्रिब्नर यांनी जोडणीसाठी जी कळ बनविली, तिचे रूप मिटत्या चाकूसारखे, म्हणून ती ‘जॅक-नाइफ’. पुढे चाकू गळून पडला व नुसता ‘जॅक’ उरला. शहरे वाढली तशी एकाच ग्राहकाची खोबण अनेक ऑपरेटरांपुढे मांडावी लागली. मग ती तार दुसरीकडे गुंतली आहे काय, हे कसे समजावे? ऑपरेटर बाई प्लगचे टोक खोबणीच्या धातूच्या कड्यास नुसते टेकवी. तार गुंतलेली असल्यास कड्यावर विद्युद्दाब असे आणि बाईंच्या कानात ‘टक्’ असा आवाज होई. बोलणे वाहून नेणाऱ्या तारा दोन. हे तिसरे कडे वर्दी देण्यापुरते. आजच्या संगणकातील सारी ओळख या ‘टक्’चीच वंशज होय, असे आमचे मत आहे.

बाईंची जागा आता ‘ड्रायव्हर’ नामक आज्ञावलीने घेतली आहे. तिला डोळे नाहीत. तीही वर्दीवरच विसंबते. इंटेल कंपनीने २००४ साली ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तीतील युक्ती जुन्या वाचकांस चटकन उमगेल. प्लग आत जाताच खोबणीतील लहानसा स्विच मिटतो व एक ठरावीक रोध मंडलात येतो : ५.१, १०, २० किंवा ३९.२ हजार ओहम. चार खोबणींचे चार रोध, पण तार एकच! छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर ही वजने जशी दुपटीने चढत जात, तसेच हे रोध. एकूण भार पाहिला, की पारड्यात कोणकोणती वजने आहेत हे न चुकता सांगता येते.

परंतु यावरून खोबण भरली एवढेच कळते. आत काय आले ते नव्हे. हेडफोन व मायक्रोफोन यांस एकच खोबण असली, की पेच वाढतो. तेथे मायक्रोफोनच्या संपर्कावर अल्प दाब देऊन पाहतात. साध्या हेडफोनच्या प्लगवर तीन संपर्क असल्याने तो दाब सरळ जमिनीच्या तारेस मिळून शून्य होतो. चार संपर्कांच्या हेडसेटमध्ये तसे होत नाही. त्यातही मायक्रोफोन व जमीन यांचा क्रम दोन प्रकारचा, सीटीआयए व ओएमटीपी. भरीस भर म्हणजे हेडसेटवरील बटण दाबले तरी हाच दाब शून्यावर येतो. म्हणून कोणी प्लग सावकाश सरकवीत नेला, तर यंत्राची फसगत होते. यासाठी ड्रायव्हर काही मिलिसेकंद थांबून पुन्हा चाचपतो. काही संगणकांस एवढ्यानेही उमगत नाही. ते पडद्यावर सरळ विचारतात, ‘आपण काय जोडले?’ हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडला.

कोणती खोबण कशासाठी, तिचा रंग कोणता, ती कोणत्या बाजूस, याची ३२ बिटांची टिपणी कारखान्यातच संगणकात लिहिलेली असते. ती चुकली, की ड्रायव्हर बिचारा चुकतो. हेडफोन लावूनही घरगुती बोलणे भोंग्यातून चारचौघांत जाते! लिनक्समधील ‘अल्सा’ या ध्वनिव्यवस्थेत ताकाशी इवाई व त्यांचे सहकारी अशा चुकार संगणकांची यादी राखतात. कोणी आपली अडचण कळवितो, ती तपासली जाते आणि त्याच्या संगणकाच्या नावे यादीत आणखी एक ओळ चढते.