सांताक्लॉज, वासुदेव आणि मदिनेतल्या रात्री

डिसेंबर लागला की नांदेड-लातूरच्या इंग्रजी शाळांत लाल टोप्या आणि कापसाच्या दाढ्या दिसू लागतात. मुस्लिम पालक विचारतात, ‘सर, हे आपल्यात चालतं का?’ काही हिंदू पालकांनाही हाच प्रश्न पडतो. चालतं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण त्या दाढीमागचा माणूस कोण, हे आधी माहीत हवं.

तो बर्फाच्या मुलखातला नव्हे. निकोलस हा चौथ्या शतकातला मायरा शहराचा बिशप. हे ठिकाण आज तुर्कस्तानात, भूमध्य समुद्राजवळ आहे. आताचं नाव देमरे. आख्यायिका अशी की एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि लग्नात द्यायला जवळ काहीच नव्हतं. निकोलसनं रात्रीच्या अंधारात त्याच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. हुंड्यापायी खचलेला बाप मराठवाड्याला परका नाही. त्याला चारचौघांत पैसे दिले असते, तर मुलींची लग्नं झाली असती, पण बापाची मान खाली गेली असती. म्हणून रात्र निवडली.

१०८७ मध्ये खलाशांनी त्याच्या अस्थी इटलीतल्या बारी शहरात नेल्या. एखाद्या पीराचे किस्से पसरावेत तसे त्याचे किस्से युरोपभर पसरले. ६ डिसेंबर हा त्याच्या निधनाचा दिवस, म्हणजे आपल्या भाषेत उरूसच. हॉलंडमध्ये तो ‘सिंटरक्लास’ झाला. तिथल्या १८५० च्या एका मुलांच्या पुस्तकात तो स्पेनहून बोटीनं येतो, सोबत काळा नोकर असतो. त्या नोकराच्या सोंगावरून अलीकडे तिथं मोठा वाद झाला.

डच लोकांबरोबर हे नाव अमेरिकेत गेलं आणि ‘सांताक्लॉज’ झालं. १८२३ मध्ये छापलेल्या एका कवितेनं त्याला आठ रेनडिअरची गाडी दिली. १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानं त्याची चित्रं काढली. १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी त्याचा हसरा चेहरा घरोघरी नेला. बिशपचा झगा गेला, दंड गेला, पोट सुटलं. रशियात नातीला घेऊन येणारा ‘देद मरोझ’, म्हणजे थंडीआजोबा, धर्माशी जोडून सोव्हिएत राजवटीनं आधी हटवला. १९३५ नंतर नव्या वर्षाचा पाहुणा म्हणून परत आणला. खुद्द तुर्कस्तानात ‘नोएल बाबा’ही नव्या वर्षालाच येतो.

आपल्याकडे मात्र गोष्ट उलटी आहे. पहाटे मोरपिसांची टोपी घालून दारात येणारा वासुदेव द्यायला नाही, घ्यायला येतो. सूपभर ज्वारी असो की मूठभर, दान पावल्याचं तो देवा-संतांची नावं घेऊन सांगतो. एकनाथांच्या भारुडांतही तो आहे. इथं देणारा गृहस्थ आणि घेणारा मानाचा. लातूरच्या येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, तर कुणाची टोपीही लागत नाही. शेतात येईल त्याला भज्जी आणि आंबील मिळते. जात-धर्म न पाहता आवतण असतं.

आपल्या परंपरेत निकोलसच्या सर्वात जवळ जातात ते हजरत इमाम हुसैन यांचे पुत्र इमाम झैनुल आबिदीन. रिवायतीत येतं की ते रात्री पाठीवर अन्नाची पोती घेऊन मदिनेतल्या गरिबांच्या दारी जात. देणारा कोण, हे त्या घरांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या निधनानंतर अन्न येणं थांबलं, तेव्हा कळलं. गुस्ल देताना पाठीवर ओझ्याचे वण दिसले. गुपचूप दिलेला सदका अधिक चांगला, असं कुरआनातही सूरह बकरामध्ये सांगितलं आहे.

निकोलस आणि इमाम यांच्यात शतकांचं अंतर आहे, धर्म वेगळे आहेत. पण दोघांनी अंधार निवडला तो घेणाऱ्याची अब्रू राखण्यासाठी.

आज थंडीत ब्लँकेटवाटप होतं, रमजानमध्ये किट वाटतात. काम चांगलंच आहे. पण एका ब्लँकेटला पाच हात लागलेले असतात आणि घेणारी म्हातारी कॅमेऱ्याकडे बघत असते. संध्याकाळी तो फोटो तिच्या गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलवर पोहोचतो. मुलांनी लाल टोपी घालावी का, यावर आपण तावातावानं बोलतो. देताना फोटो काढावा का, यावरही बोलायला हवं.