१.३ जहाजांचा प्रश्न

१९५७ साली रॅल्फ गोमोरी हे तरुण गणिती प्रिन्स्टनमध्ये शिकवत होते, शिवाय अमेरिकी नौदलाचे सल्लागारही होते. नौदलासाठी केलेले रेषीय प्रोग्रामिंगचे एक गणित मांडताना कुणीतरी म्हणाले, उत्तर पूर्णांकात मिळाले तर बरे होईल, १.३ विमानवाहू जहाजे म्हणजे नेमके काय समजायचे?

जॉर्ज डँटझिग यांच्या १९४७ च्या सिम्प्लेक्स पद्धतीने अशी गणिते सुटत, पण उत्तर पुष्कळदा अपूर्णांकात येई. मग जवळचा पूर्णांक घेतला तर?

वर्गात करून पाहा. स्नेहसंमेलनासाठी क, ख, ग या तीन गटांची तालीम आहे. क आणि ख यांना तबला हवा, ख आणि ग यांना पेटी, क आणि ग यांना माईक. प्रत्येक वस्तू एकच. एका वेळी जास्तीत जास्त किती गट तालीम करू शकतील? अटी तीन: क+ख, ख+ग आणि क+ग, प्रत्येक बेरीज १ पेक्षा जास्त नको. सिम्प्लेक्स सांगते: प्रत्येक गट अर्धा, एकूण १.५! अर्ध्याचा एक केला तर तिन्ही अटी मोडतात. शून्य केला तर कुणाचीच तालीम होत नाही.

आता तिन्ही अटींची बेरीज करा. क+ख+ग ची दुप्पट ३ पेक्षा जास्त नाही, म्हणून क+ख+ग १.५ पेक्षा जास्त नाही. पण गट पूर्णच असणार. तेव्हा ही बेरीज १ पेक्षा जास्त नाही. या नव्या अटीने एकही खरे उत्तर गमावले नाही, फक्त 'अर्धे-अर्धे' उत्तर कापले गेले. हेच छेद-प्रतल.

१९५४ मध्ये डँटझिग, फल्कर्सन आणि जॉन्सन यांनी ४९ शहरांचा सर्वांत छोटा फेरा शोधताना असे छेद स्वतः निरखून निवडले होते. सिम्प्लेक्सच्या कोष्टकातूनच छेद मिळवण्याची रीत गोमोरींनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली.

पुढे मात्र निराशा झाली. छेद फार लागत आणि संगणकातील दशांशांच्या चुका साचत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर बालास, कॉर्न्युएजोल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पुष्कळ छेद एकदम घेऊन शक्यतांच्या फांद्या तपासण्याच्या पद्धतीला जोडले, तर ते उत्तम चालतात. २००६ मध्ये ८५,९०० ठिकाणांचा सर्वांत छोटा फेरा छेदांच्याच मदतीने सिद्ध झाला.

विद्यार्थ्याचे उत्तर चुकले की आपण त्यावर काट मारतो. गोमोरींनी त्याच चुकीच्या उत्तराला विचारले: कोणती अट सांगायची राहिली?