लोणारची प्रदक्षिणा

लोणारच्या विवराविषयी मराठीत जे लेखन होते, ते बहुतेक काठावर उभे राहून झालेले असते. मेहकरकडून येणारा प्रवासी सोयाबीन, तूर आणि कापसाची शेते ओलांडत अतिशय सौम्य चढाने वर येतो, आणि जमीन अकस्मात संपते. खाली हिरवे, कधी करडे पाणी, भोवती जंगलाचे कडे, आणि सगळे एखाद्या कंपासाने आखल्यासारखे गोल. हे दृश्य इतके संपूर्ण असते, की पाहणाऱ्याला त्यापुढे काही करावेसे वाटत नाही. तो छायाचित्र घेतो, उल्कापाताचे चार आकडे वाचतो आणि परततो. त्या दृश्यात इतिहास एका क्षणाचा असतो: काही लाख वर्षांपूर्वीचा एक आघात. त्यानंतर तिथे काही घडले असावे, असे काठावरून जाणवतच नाही.

आम्हांला मात्र लोणार हे पायी फिरून वाचण्याचे स्थळ वाटते. विवराचा सरासरी व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे माथ्यावरून पूर्ण फेरी साधारण पाऊणेसहा किलोमीटरांची. तळाशी सरोवराच्या कडेने फिरले तर अंतर आणखी कमी. माथा आणि पाणी यांत सुमारे १४० मीटरांचा उतार, बाकी वाट सपाट. थकवणारे काहीच नाही. आजूबाजूच्या गावांतली वयस्क माणसेही कमळजेच्या नवरात्रात ही उतरण उतरतात. पाणी उजव्या हाताला ठेवून निघाले की आपोआप प्रदक्षिणा होते. आणि या प्रदक्षिणेत जे भेटते, त्याची संगती काठावरच्या पाटीवर लागत नाही.

सुरुवात धारेपासून करावी. विवराच्या ईशान्य कडेला, लोणार गावाच्या लगत, गोमुखातून बारमाही पाणी पडते. त्याभोवती कुंडे, ओवऱ्या आणि देवळे आहेत. याच पाण्यामुळे या स्थळाला विरजक्षेत्र म्हणतात आणि याच पाण्यासाठी यात्रेकरू येत राहिले. विवर हे त्यांच्या दृष्टीने तीर्थाच्या खालची दरी होती. गोड पाणी वर, खारे पाणी खाली, ही लोणारची मूळ रचना आहे, आणि लवणासुराची कथा ती रचनाच सांगते. खाली भूमिगत विवरात दडलेला असुर, त्याला शोधून मारणारा दैत्यसूदन विष्णू, पायाच्या अंगठ्याने उडवलेले झाकण, असुराच्या रक्ताचे पाणी आणि त्याच्या देहाचे मीठ. उल्केची कल्पना नसलेल्या माणसांनी खड्डा, उडालेले झाकण आणि क्षार या तिन्ही गोष्टींचा हिशेब एका कथेत लावला होता. 'त्यांना विज्ञान आधीच ठाऊक होते' असे म्हणण्याची अलीकडे रूढ झालेली सवय आम्हांला मान्य नाही. त्यांना जमीन ठाऊक होती, एवढेच म्हणणे पुरेसे आहे आणि ते कमी नाही.

गावातले दैत्यसूदनाचे देऊळ तारकाकृती तळाचे. त्याच्या भिंतींवरील शिल्पांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही त्यात भर घालत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने लोणारला येताना एक वेगळा ग्रंथ बरोबर आणावा. लीळाचरित्रात चक्रधरांच्या लोणारच्या वास्तव्याच्या लीळा आहेत, आणि यादव राजा कान्हरदेव याची चक्रधरांशी भेट येथे झाली अशी महानुभावांची धारणा आहे. कान्हरदेवाचा काळ तेराव्या शतकाच्या मध्याचा. देवगिरीचे वैभव भरात होते. राजा आणि संन्यासी यांच्या भेटीची कथा आपल्याकडे नवी नाही. इथे लक्षणीय आहे ती तिची नोंद करण्याची पद्धत. महानुभाव लेखकाला प्रसंगाइतकीच जागा महत्त्वाची वाटते. गोसावी कोणत्या देवळात उतरले, कोणत्या दिशेला बसले, विहरणाला कुठे गेले, हे तो नोंदवतो.

ही जागेची ओढ पुढे स्थानपोथीत स्वतंत्र ग्रंथ होऊन बसली. गावाच्या कोणत्या बाजूला कोणते देऊळ, त्याचे दार कोणीकडे, त्यात आसन कुठे, अशी ती नोंदवही आहे. प्राचीन मराठी गद्याच्या अभ्यासक्रमात तिला सहसा लीळाचरित्राची पुरवणी म्हणून एक परिच्छेद मिळतो. हा अन्याय आहे. भक्तिभाव, अलंकार, निरूपण यांतले काहीही न वापरता केवळ दिशा आणि अंतरे यांवर उभे राहिलेले इतके जुने मराठी गद्य दुसरे कुठले? ते पायी चालणाऱ्यांनी पायी चालणाऱ्यांसाठी लिहिले. महानुभावांत अटन हा आचारधर्म होता. स्थानपोथी हे त्या धर्माचे साधन. तिचे संपादन करणारे वि. भि. कोलते हे याच बुलढाणा जिल्ह्यातले, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. त्यांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मोठी प्रत १९७८ साली आली. लोणारच्या वाटेवर त्यांची आठवण काढणे हा केवळ जिल्ह्याभिमान नव्हे. विवरातल्या एखाद्या पडक्या देवळासमोर उभे राहिल्यावर, त्याचे दार कोणत्या दिशेला आहे हे पाहण्याची बुद्धी आपल्याला होते, ती या ग्रंथांमुळे.

धारेपासून खाली उतरताना हे पाणी बरोबर येते. ओढ्याने शतकानुशतके आणलेला गाळ विवराच्या या कोपऱ्यात पंख्यासारखा पसरला आहे, आणि आमच्या दृष्टीने संपूर्ण प्रदक्षिणेतली सर्वांत बोलकी जागा हीच. येथे शेती होती. केळीच्या बागा, पपई, मका. जगात बसाल्ट खडकात झालेली आघातविवरे मोजकी. त्यांतल्या या उत्तम राखल्या गेलेल्या विवराच्या पोटात धारेच्या पाण्यावर केळी पिकत होती. एखाद्या लहानशा खोऱ्यात असावे तसे सगळे इथे होते: वरून येणारे बारमाही पाणी, गाळाची जमीन, वाऱ्यापासून आडोसा, देऊळ आणि बाजाराचे गाव हाकेवर. खोऱ्यातून पाणी पुढे वाहून जाते. इथून बाहेर पडायला त्याला वाट नाही, एवढाच फरक. म्हणूनच या शेतीचा शेवटही वेगळा झाला. खते, औषधे, गावाचे सांडपाणी, जे काही वरून आले ते सरोवरातच साठले. इ. स. २००० मध्ये विवर वन्यजीव अभयारण्य म्हणून अधिसूचित झाले आणि त्यानंतर ही शेती थांबत गेली.

हा निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे आणि ज्यात अशा क्षारतेवरच जगणारे सूक्ष्मजीव राहतात, तिथे गोड आणि दूषित पाण्याची भर ही हानीच होती. पण अभयारण्य झाल्यावर या जागेचे वर्णन ज्या भाषेत होऊ लागले, तिच्याशी आमचे भांडण आहे. त्या भाषेत शेती हे 'अतिक्रमण' किंवा 'मानवी हस्तक्षेप' एवढेच उरते, जणू शेतकरी काल-परवा बाहेरून आला. देवळांच्या नोंदी झाल्या, पक्ष्यांच्या याद्या झाल्या, खडकांचे नमुने दूरदेशी गेले. केळीच्या बागेला पाणी देण्याच्या पाळ्या कशा होत्या, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही. जिने पाणी वाटून घेतले त्या पिढीतली माणसे अजून गावात सापडतील. विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधत दूर जाण्याचे कारण नाही.

पुढे वाट झाडोऱ्यातून जाते. सागवान, सीताफळ, चिंच, मग बाभळी, मग वेड्या बाभळीचे रान, आणि शेवटी उघडा, करडा, पाय धरून ठेवणारा चिखल. झाडांची ही कडी पाण्याच्या खारेपणाने आखलेली आहेत. लंगूर आणि मोर यांची सोबत बहुतेक ठिकाणी असते. पाणी जवळ आले की त्याचा उग्र वास येतो, आणि आपण लोणारच्या नावापाशी पोचतो. लवण, लोण, लोणार. मीठ पिकवणाऱ्या लोणारी जातीचे नावही याच धातूचे. मराठी वाचकाला उल्का हा शब्द आधी आठवतो. पण गावाला नाव दिले ते मिठाने.

या मिठाची सर्वांत महत्त्वाची जुनी नोंद फारसीत आहे. अकबराच्या कारकिर्दीच्या अखेरीस, वऱ्हाड मुघलांकडे आल्यावर, अबुल फजलाने आईन-ए-अकबरीत मेहकर सरकारातल्या लोणारचे वर्णन केले. ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात, भोवती उंच डोंगर आहेत, पाणी खारे आहे, त्यात काच आणि साबण करण्याचे द्रव्य मिळते, सोरा निघतो आणि त्यातून बराच महसूल येतो, असा त्याचा आशय. डोंगरावरच्या झऱ्याच्या तोंडाशी बैलाची आकृती कोरल्याचाही उल्लेख आहे, आणि सोमवती अमावास्येलाच तो झरा खालच्या जलाशयात वाहतो ही लोकश्रद्धाही त्याने टिपली आहे. गयेपासून महसुलापर्यंतचा प्रवास काही ओळींत! त्याला चमत्कार आणि उत्पन्न यांत विरोध वाटत नाही. दोन्ही गोष्टी त्या परगण्याच्याच आहेत.

इंग्रजी अंमलात भाषा बदलली, महसूल तोच राहिला. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली, आणि तेव्हापासून 'लोणारचा शोध १८२३ मध्ये लागला' हे वाक्य पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसले आहे. दैत्यसूदनाच्या पुजाऱ्याला, चक्रधरांच्या शिष्यांना आणि अबुल फजलाला जे माहीत होते, त्याचा शोध लागतो तो कोणाला, हे शिक्षकांनी वर्गात एकदा विचारून पाहावे. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर खारांचा व्यवहार सरकारी दप्तरात आला आणि त्याबरोबर खारांची नावेही आली: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पपडी, भुस्की. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर आणि उथळ तळाशी बसणारे हे वेगवेगळ्या प्रतींचे क्षार. रसायनशास्त्रज्ञ त्यांत सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि साधे मीठ यांची निरनिराळी प्रमाणे दाखवील. चिखलात उतरणाऱ्या माणसाने हीच प्रतवारी हाताने, जिभेने आणि नजरेने केली होती. पापडखार आणि धुण्याचा सोडा वापरणाऱ्या घरांना हे जग परके नाही. दप्तराने शब्द घेतले. ते कोणी घडवले ते लिहिले नाही.

सरोवराच्या काठाशी कमळजेचे देऊळ. विवराच्या आतल्या डझनभराहून अधिक देवळांपैकी आज खऱ्या अर्थाने नांदते आहे ते हेच. बाकीची बहुतेक झाडोऱ्यात अर्धी बुडालेली. वाघ महादेव, रामगया, मोर अशी त्यांची नावे यात्रेकरूंच्या तोंडी राहिली आहेत. पाणी वाढले की काठाची वाट बुडते आणि देवळापर्यंत पाणी येते. अलीकडच्या वर्षांत हे अधिक जाणवू लागले आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर गाजावाजा झाला. पाणी आटून क्षारता वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता, असे तपासणीत आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेले. आधी पाणी कमी झाल्याची चिंता, मग वाढल्याची. शेतकऱ्याला हे ओळखीचे वाटेल.

उल्केचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण कालक्रमाने तो शेवटीच येतो. एकोणिसावे शतक आणि विसाव्याचा बराच भाग लोणारला ज्वालामुखीचे किंवा जमीन खचल्याचे काम समजण्यात गेला. १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्टी यांनी त्यावर विस्तृत लिहिले, तेही आघाताच्या बाजूने नव्हे. १९७३ साली फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी तळातून काढलेल्या खडकांत प्रचंड दाबाच्या खुणा दाखवल्या, आणि वाद जवळपास मिटला. चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भागही बसाल्टचा असल्याने लोणारचे महत्त्व एकदम आकाशाएवढे झाले. वयाचा वाद मात्र चालू राहिला: आधी सुमारे ५२ हजार वर्षे धरत, २०११ च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे हा आकडा पुढे आला. दहापटीहून अधिक फरक. पुराणकारांच्या युगगणनेला हसणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे.

माथ्यावर परत चढून उरलेली फेरी बाहेरच्या बाजूने केली, तर एक गोष्ट दिसते. आघाताने उडालेला राडारोडा काठापासून सरासरी १३५० मीटरांपर्यंत पसरला आहे, आणि त्याच्यावरच शेते आहेत. येताना जो सौम्य चढ लागला होता, तो हाच. आत शेती बंद झाली. बाहेर, त्याच आघाताच्या मातीवर, ती चालू आहे. नांगराला लागणारा एखादा दगड खोल तळातून उडून तिथे आलेला असू शकतो. शेतकरी तो उचलून बांधावर ठेवतो. असे बांध या वाटेवर दोन्ही बाजूंना दिसतात, आणि त्यांच्यामधून पायवाट गावाकडे, धारेच्या आवाजाकडे उतरते.