कॉफीचे जाते

कॉफीच्या चक्कीवर इतिहासाचे व्याख्यान ते काय द्यायचे, असे आजच्या विषयाचे नाव वाचून पुष्कळांना वाटले असेल. आपण मुळात चहाची माणसे. परंतु अलीकडे आपल्याकडेही भाजलेल्या बियांच्या पुड्या घरी येऊ लागल्या आहेत, आणि बिया आल्या की त्या दळायच्या कशात हा प्रश्न पाठोपाठ येतो. दुकानात दोन तऱ्हेची यंत्रे दिसतात. एकात मिक्सरसारखे पाते फिरते. दुसऱ्याला ‘बर ग्राइंडर’ म्हणतात व ते बरेच महाग असते. विक्रेता दुसरे घ्या म्हणतो, का घ्या ते सांगत नाही. ते कारण इतिहासात सापडते, म्हणून हा प्रपंच.

आधी आपल्या भाषेकडेच पाहू. इंग्रजाने ह्या साऱ्या कामांना बहुतेक एकच क्रियापद वापरून भागविले आहे. आपण मात्र ज्वारी दळतो, डाळ भरडतो, मिरची कुटतो आणि चटणी वाटतो. दळणे म्हणजे दोन पृष्ठांमध्ये ठरावीक फट ठेवून दाणा तीतून जाऊ देणे. फटीहून बारीक झाल्यावाचून तो बाहेर पडूच शकत नाही. कुटण्यात असे बंधन नसते. एका दाण्यावर दहा घाव बसतात आणि शेजारचा तसाच राहतो. फिरत्या पात्याचे यंत्र हे ह्या कुटण्याच्या जातीचे आहे. ‘बर’ म्हणजे दातेरी पृष्ठ. बर ग्राइंडर म्हणजे पोलादाचे किंवा चिनी मातीच्या जातीच्या कठीण पदार्थाचे लहानसे जाते. त्याच्या सपाट चकत्यांच्या प्रकारात तर बी मध्यभागी पडते आणि पूड कडेने बाहेर येते, अगदी आपल्या जात्याप्रमाणे.

एवढ्याने चवीत काय फरक पडतो? पूड जितकी बारीक तितका तिचा अर्क लवकर उतरतो. एकाच भांड्यात धूळही आहे आणि खडेही आहेत अशी स्थिती असली, तर धुळीतून कडवटपणा उतरून जातो आणि खड्यांच्या पोटातली गोडी आतच राहते. पेला एकाच वेळी कडू आणि आंबट लागतो. दोष बियांना दिला जातो. बिचाऱ्या बियांचा त्यात काही अपराध नसतो.

कॉफी पेय म्हणून पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधकांत रूढ झालेली दिसते. रात्रीच्या उपासनेत झोप येऊ नये हा हेतू. सोळाव्या शतकाच्या मध्याला ती इस्तंबूलला पोहोचली. बाबा बुदन यांनी सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या ही कथा सतराव्या शतकातली; ती कथा म्हणूनच घ्यावी. लंडनमध्ये पास्क्वा रोझे याने १६५२ साली कॉफीचे पहिले दुकान उघडले. ह्या काळात बी कुटली तरी जाई किंवा पितळेच्या उभ्या हातचक्कीत दळली तरी जाई. तुर्की पद्धतीत पूड गाळीत नाहीत, म्हणून ती पिठासारखी मऊ लागते.

आता माझ्या पक्षाविरुद्धचा एक साक्षीदार मीच पुढे करतो. ब्रिया-सावारँ हा फ्रान्समधला न्यायाधीश आणि नामांकित खवय्या. चवीवरच्या त्याच्या १८२५ सालच्या ग्रंथात एका प्रयोगाची हकीकत आहे. त्याने उत्तम मोका कॉफी भाजून तिचे दोन सारखे भाग केले. एक चक्कीत दळला, दुसरा तुर्की रीतीने कुटला, आणि दोन्हींची कॉफी स्वतः चाखून जाणकारांनाही चाखविली. सर्वांचा कौल कुटलेल्या कॉफीला पडला! ह्याने माझे म्हणणे खोटे ठरते काय? मला तसे वाटत नाही. त्याच्या चक्कीचे दाते कसे होते हे त्याने लिहिलेले नाही. जाते गुळगुळीत झाले की दळण बिघडते हे ज्या घरांत टाकी लावणारी येत असे, त्या घरांतल्या माणसांना सांगायला नको. पण त्याचा निकाल पटला नाही तरी त्याची रीत निर्दोष आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

दात्यांचा प्रश्न पोलादाने सोडविला. पूर्व फ्रान्समधील प्यूजो कुटुंबाने १८१० मध्ये आपली धान्याची गिरणी बंद करून तेथे पोलादाचा कारखाना काढला. आधी करवतीची पाती, मग १८४० मध्ये कॉफीची चक्की, १८७४ मध्ये मिरी दळण्याची चक्की, आणि पुढे मोटारी. ज्या हातांना करवतीला दात पाडता येतात त्यांना चक्कीचे दाते अवघड नव्हते. वरचे मोठे दाते बी फोडतात, खालचे बारीक दाते ती सारखी करतात, आणि एका स्क्रूने फट कमीजास्त होते. आजच्या यंत्रांतही मूळ योजना हीच आहे.

पण चक्की घरात राहिली ती केवळ चवीसाठी नव्हे. बी डोळ्यांना दिसते. पूड मात्र काहीही पोटात घेऊ शकते. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७८१ साली कॉफी भाजण्याचा मक्ता सरकारकडे घेतला आणि चोरून कोण भाजतो ते हुंगत फिरायला निवृत्त सैनिक नेमले. कॉफी महागली की लोक चिकोरीच्या मुळांकडे वळतात, तसे तेथेही झाले. पुढे ही चिकोरी कॉफीच्या नावानेच विकली जाऊ लागली. १८५० साली लंडनमध्ये आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने बाजारातली पूड सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा बहुतेक नमुन्यांत चिकोरी आढळली. इंग्लंडमध्ये भेसळीविरुद्धचा १८६० चा कायदा झाला त्यामागे ह्या माणसाचे श्रम आहेत. चिकोरीशी माझे वैर नाही. माटुंग्याच्या दुकानात गिऱ्हाईक स्वतः प्रमाण सांगून ती घालून घेते व पूड समोर दळून घेते; तो उघड व्यवहार आहे.

मग घरची चक्की गेली कशी? सोयीने गेली. इस्तंबूलमध्ये मेहमेत एफेंदी याने १८७१ पासून भाजून दळलेली कॉफी विकण्यास आरंभ केला. तोवर लोक कच्च्या बिया नेऊन घरी भाजीत व दळीत. अमेरिकेत आर्बकल कंपनी भाजलेल्या अख्ख्या बियांची पुडी विके आणि पुडीत पेपरमिंटची एक कांडी घाली. गुरांच्या तांड्याबरोबरचा स्वयंपाकी, कोण दळतो असे विचारी, आणि दळणाऱ्याला ती कांडी मिळे. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स बंधूंनी हवा काढलेल्या डब्यात कॉफी भरली. मग दळायचे कष्ट कोण घेणार! पण डबा एकदा उघडला की वास उडू लागतो, हे त्या सोयीचे मोल होते.

आता निवडीविषयी. आपण कॉफी करतो कशी हे आधी ठरवावे. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये काढलेल्या कागदी गाळणीसाठी मध्यम रव्यासारखी पूड चालते. दक्षिणी फिल्टरला त्याहून बारीक. दांड्याने दाबायच्या फ्रेंच भांड्याला लापशीच्या रव्याइतकी भरड. ह्या तिन्ही कामांना हाताची चांगली चक्की पुरते. मिलानच्या गाज्याची एस्प्रेसो यंत्रे १९४८ पासून बाजारात आली आणि मोठ्या दाबाखालची कॉफी सुरू झाली. तिला मात्र केसभर फरकाने फट बदलता येणारी, आणि म्हणून महाग, चक्की लागते. ज्याच्या घरी ते यंत्र नाही त्याने तो खर्च करू नये. घेताना दांडा फिरवून मधला आस डुगडुगतो का ते बघावे. आस हलला की फट एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद होते. चकत्या शंकूसारख्या की सपाट ह्या वादात नवख्याने वेळ दवडू नये. साफ करायला कोरडा ब्रश पुरे. तांदूळ घालून दळण्याचा सल्ला ऐकू नये, कच्चा तांदूळ कॉफीच्या बीहून कठीण असतो.

आणि एवढे ऐकूनही ज्याला खर्च पटत नसेल त्याने सावारँचा प्रयोग करावा. शेजाऱ्याची चक्की तासभर मागून आणावी. एकाच पुडीतल्या बियांचे तोलून दोन भाग करावेत, एक आपल्या मिक्सरमध्ये फिरवावा, एक चक्कीत दळावा. पाणी सारखे, वेळ सारखा. कोणता पेला कोणता हे न सांगता घरच्यांपुढे ठेवावे, आणि कौल पडेपर्यंत आपण गप्प बसावे.